धान्य असूनही ताट अपुरे का? जव्हार-मोखाड्याच्या निमित्ताने ‘अन्नव्यवस्था’ समजून घेताना

पावसाळा सुरू झाला की पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतून कुपोषणाच्या बातम्या येऊ लागतात आणि दिवाळीनंतर त्या ओसरतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरवले होते. त्यानंतर तीन दशकांत रस्ते झाले, अंगणवाड्या उघडल्या, रेशनचे धान्य पाड्यापाड्यापर्यंत जाऊ लागले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने लुकडी आढळली. ही संपूर्ण राज्याची सरासरी आहे आणि तिच्यात मुंबई-पुण्यासारखी सधन शहरेही धरलेली आहेत.

या प्रश्नाची चर्चा निघाली की हल्ली ‘शाश्वत अन्नव्यवस्था बळकट केली पाहिजे’ असे वाक्य हमखास कानावर पडते. सरकारी अहवालांत ते असते, संस्थांच्या प्रस्तावांत असते, मंत्र्यांच्या भाषणांतही असते. त्याचा नेमका अर्थ काय आणि जव्हारच्या एखाद्या पाड्यावर ते प्रत्यक्षात कसे उतरेल, हे मात्र फारसे कोणी उलगडून सांगत नाही. या लेखात तसा प्रयत्न केला आहे.

अन्नव्यवस्था म्हणजे काय?

बियाणे निवडण्यापासून मुलाच्या ताटात घास पडेपर्यंत जे जे घडते, त्या सगळ्याला मिळून अन्नव्यवस्था म्हणतात. त्यात जमीन, पाणी, बी आणि मेहनत येते. मळणी, कांडण, दळण आणि साठवण येते. बाजार, रेशन आणि अंगणवाडी येते. आणि घरात कोण काय शिजवते व कोणाच्या वाट्याला किती येते, हेही येते. ही व्यवस्था माती, पाणी, जंगल आणि माणसाचे कष्ट यांचा ऱ्हास न करता पुढच्या पिढीतही चालू शकत असेल, तर ती शाश्वत.

मोखाड्याच्या आडवळणाच्या पाड्यावरून नाशिकला जाणाऱ्या माणसाला आधी चालत डांबरी रस्ता गाठावा लागतो, तिथून जीप, मग एसटी. यातली एक गाडी चुकली की पुढची कितीही वेगाने धावली, तरी तो माणूस त्या दिवशी नाशिकला पोहोचत नाही. अन्नाचा प्रवासही असाच टप्प्याटप्प्याचा आहे. आपली धोरणे बहुतेक वेळा एखाद्याच टप्प्याचा वेग वाढवतात, कधी उत्पादनाचा, कधी वाटपाचा, आणि गाडी जिथे चुकते तो टप्पा तसाच राहतो.

हा प्रदेश गरीब का राहिला?

जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा आकडा स्वप्नवत वाटेल. परंतु खाली काळा कातळ आहे, वर मातीचा थर पातळ आहे आणि उतार तीव्र आहेत, त्यामुळे चार महिने कोसळणारे पाणी वाहून जाते आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ गाठतात. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हा अन्याय रोजचा आहे आणि अन्नाच्या प्रश्नापासून तो वेगळा काढता येत नाही.

पाणी टिकत नसल्याने शेती मुख्यतः एका हंगामाची होते. खाचरात भात, वरच्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नागली आणि वरई, त्यांच्या जोडीला उडीद, तूर, कुळीथ, खुरासणी. नागली म्हणजे कोकणात जिला नाचणी म्हणतात तीच. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांची ही शेती. बऱ्याच कुटुंबांकडे जमीन थोडी, काहींकडे फक्त वनपट्टा, म्हणजे वनहक्काने मिळालेला जमिनीचा तुकडा, आणि कातकऱ्यांपैकी अनेकांकडे तोही नाही. घरचे धान्य काही महिने पुरते. दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाकडून किंवा मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईच्या बाजूला जातात, होळीला घरी येऊन जातात आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला परततात. भट्टीवर गेलेल्या मुलाची अंगणवाडी तुटते, वजन-उंचीची नोंद तुटते, लसीकरण मागे पडते. परतल्यावर आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस असतात, आई पहाटेपासून चिखलात उभी असते, घरातले धान्य संपत आलेले असते आणि नेमके तेव्हाच जुलाब, हिवताप बळावतात. जुलै ते सप्टेंबर या काळात बालमृत्यूच्या बातम्या का येतात, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे. शासनालाही हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पावसाळ्यातील उपासमार टळावी म्हणून आदिवासी कुटुंबांसाठी खावटी योजना १९७८ पासून आखली गेली होती.

रेशनचा तांदूळ फुकट मिळतो, मग अडले कुठे?

पहिला आक्षेप हाच असतो आणि तो रास्त आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या कायद्याने गरिबांच्या घरातील चूल पेटती ठेवली, हे निर्विवाद आहे. रेशन बंद करून लोकांनी आपापले पिकवून खावे, असे सुचवणाऱ्यांना या भागातला पावसाळा माहीत नसावा.

तथापि रेशनमधून येतो तो प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. त्याने पोट भरते, पण शरीर घडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही भरत नाही. याचा अर्थ नागली खाल्ली की कुपोषण गेले, असा अजिबात नाही, आणि नागलीचा उदोउदो करणाऱ्या लेखांत हे सांगायचे राहून जाते. नागलीतील प्रथिने साधारण तांदळाइतकीच, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास आहेत. तृणधान्यांत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो आणि तो उडीद, तूर, कुळीथ यांतून भरून निघतो. लहान मुलाचे पोट लहान असते, म्हणून त्याला थोड्या घासात अधिक ऊर्जा मिळावी लागते आणि ती तेलातून येते. खुरासणीचे तेल, उडदाचे वरण, नागलीची भाकर, पावसाळ्यात कवळी, टाकळा, शेवळी, करटोली अशा रानभाज्या, खाचरातली चिंबोरी आणि मासे, परसातील कोंबडीचे अंडे हे सारे मिळून तो आहार पूर्ण होत असे. त्यातला एकेक पदार्थ गळत गेला आणि तांदळाचे प्रमाण वाढत गेले.

पूर्वी सगळे छान होते, असे मात्र मला म्हणायचे नाही. पूर्वीही दुष्काळ होते, सावकार होते, वेठबिगार होती. इतकेच म्हणायचे आहे की आजच्या ताटात पोट भरणारे धान्य आले, पण त्याच्या सोबतीचे पदार्थ गेले.

नागली-वरई लोकांनीच सोडली ना?

हो, आणि त्यामागची कारणे समजून घेतल्याशिवाय ‘पुन्हा लावा’ असे सांगणे उद्धटपणाचे ठरेल. नागलीसाठी आधी राब भाजावा लागतो: उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण वाफ्यावर रचून जाळायचे, पाऊस पडला की त्यात बी पेरायचे, रोपे उपटून वरकसावर लावायची. मग निंदणी, कापणी, मळणी. यातले बहुतेक काम बायकांच्या अंगावर पडते.

वरईची गोष्ट याहून कठीण. नागलीचे दाणे मळणीत टरफलातून मोकळे होतात, म्हणून ती वाळवून थेट जात्यावर किंवा गिरणीत नेता येते. वरईच्या दाण्याला मात्र टणक आवरण घट्ट चिकटलेले असते. ते काढायला उखळात कांडावे लागते, सुपाने पाखडावे लागते, पुन्हा कांडावे लागते. दिवसभराच्या आवणीनंतर किंवा मजुरीनंतर संध्याकाळच्या भातासाठी मुसळ घेऊन बसणे कोणाला परवडेल? रेशनचा तांदूळ धुऊन थेट चुलीवर ठेवता येतो. त्या बाईने तांदूळ निवडला, यात अडाणीपणा नाही. तिने आपल्या शरीराचे कष्ट वाचवले.

परिणामी वरई न सडताच, म्हणजे टरफल न काढताच, व्यापाऱ्याला विकली जाते. ती गिरणीत सडून, पांढरी होऊन, भगर या नावाने उपवासाच्या ताटात येते. नाशिक हे या भगर उद्योगाचे मोठे केंद्र आहे. पिकवणाऱ्याच्या पदरी कच्च्या मालाचा भाव पडतो आणि सडलेल्या मालाचा भाव दुसरीकडे जातो. माझ्या मते या साऱ्या साखळीत गाडी जिथे चुकते तो टप्पा हाच आहे: पीक निघाल्यानंतरचा आणि चुलीवर चढण्यापूर्वीचा. वरई सडायचे छोटे यंत्र पाड्यांच्या टप्प्यात असेल, तर वरई घरी खाणेही सोपे होते आणि विकणेही. सडलेल्या वरईचा कोंडा उघडा पडल्यावर त्यातील तेल हवेने खवट होऊ लागते, म्हणून धान्य सालासकट साठवून लागेल तसे सडणे उत्तम. दूरच्या मोठ्या गिरणीने हे साधत नाही. त्याला जवळचे लहान यंत्रच लागते.

नागलीचे साठवणुकीचे गुण याहून सरस आहेत. तिचा दाणा बारीक आणि कवच चिवट असल्याने कीड सहसा लागत नाही आणि कणगीत ती वर्षानुवर्षे टिकते. ज्या भागात पावसाळ्याचे तीन महिने घातक ठरतात, तिथे घरात टिकणारे धान्य असणे हाच मोठा विमा आहे.

उत्पादन कमी, मग परवडणार कसे?

दुसरा आक्षेप शेतीतज्ज्ञांकडून येतो: नागली-वरईसारख्या भरडधान्यांचे हेक्टरी उत्पादन कमी आहे, त्यापेक्षा नगदी पिके घ्यावीत. विक्रमगड-जव्हारकडे मोगऱ्याची लागवड करणाऱ्या कुटुंबांना रोजचा पैसा मिळू लागला आणि त्यांचे भट्टीवर जाणे कमी झाले, हे खरे आहे. आंबा-काजूच्या वाडीनेही अनेकांना हात दिला. बाएफ या संस्थेने दक्षिण गुजरातमधील वासदा भागात १९८२ मध्ये सुरू केलेला वाडीचा प्रयोग पुढे या डोंगराळ पट्ट्यातही रुजला. माझा या पिकांना विरोध नाही. फुलांचा भाव कोसळला किंवा मोहर गळाला त्या वर्षी घरात खायला काय असेल, हा प्रश्न तेवढा लागवडीच्या आराखड्यातच विचारला गेला पाहिजे. वाडीच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत उडीद, नागली घेता येते. ही दोन पिके एकमेकांची शत्रू नाहीत.

उत्पादनाबाबत बोलायचे, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नागलीचे दापोली-१, दापोली-२ असे वाण दिले आहेत. भातासाठी चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्प या झाडाचा पाला खाचरात गाडला जातो आणि रोपांची नियंत्रित लावणी केली जाते. पारंपरिक ते सगळे शाश्वत, असे मानून चालणार नाही. तीव्र उतारावर बांध न घालता नागली लावली की माती वाहून जाते, आणि राबासाठी दरवर्षी फांद्या तोडून जाळल्या की जंगलाचा आणि जमिनीचाही कस जातो. गादीवाफ्यावर रोपे तयार करणे, समतल बांध घालणे, ओढ्यांवर ऑक्टोबरमध्येच वनराई बंधारे बांधणे ही कामे खर्चिक नाहीत. बंधाऱ्याच्या पाण्यावर आणि जमिनीतल्या ओलीवर वाल, हरभरा, भाजीपाला निघाला, तर एका कुटुंबाला तरी दिवाळीनंतर उचल घ्यावी लागणार नाही. पाण्याची ही दुरुस्ती मी बियाण्याच्याही आधी धरतो.

बियाण्याचेही महत्त्व आहेच. जवळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, बदलण्याचा आणि ब्रँडविना विकण्याचा हक्क दिला आहे. पावसाने जुलैत दडी मारली किंवा ऑक्टोबरात मळणीच्या वेळी झोडपले, तर एकाच वाणाचे सगळे शेत एकदम हातचे जाते. हळव्या (लवकर पिकणाऱ्या) आणि गरव्या (उशिरा पिकणाऱ्या) वाणांची सरमिसळ असेल तर काहीतरी पदरी पडते.

पिकवले तर घेणार कोण?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये ठरवली आहे, साध्या भाताची २,३६९ रुपये. कागदावर नागली दुपटीहून महाग आहे. पण आधारभूत किमतीला अर्थ येतो तो जवळच्या केंद्रावर वेळेत खरेदी होऊन पैसे मिळाले तर. वरई तर आधारभूत किमतीच्या यादीतच नाही.

याला उत्तर ओडिशाने दिले. तिथल्या सरकारने २०१७ मध्ये आदिवासी जिल्ह्यांत भरडधान्यांचे अभियान सुरू केले. त्यात स्थानिक बियाण्यांची निवड, लागवडीतील सुधारणा, महिला गटांकडे प्रक्रिया यंत्रे आणि आधारभूत किमतीने सरकारी खरेदी या गोष्टी एकाच वेळी हाती घेतल्या गेल्या. खरेदी झालेली नागली काही जिल्ह्यांत रेशनवर दिली गेली आणि अंगणवाडीतील मुलांना नागलीचे लाडू मिळू लागले. दक्षिण कर्नाटकात तर रेशनवर नागली मिळणे नवे नाही. २०१३ च्या कायद्याने रेशनच्या धान्यात भरडधान्याचा समावेश केलेलाच आहे, त्यामुळे महाराष्ट्राला वेगळ्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

खरेदी फार मोठ्या प्रमाणावर करावी लागेल, ही भीतीही अनाठायी आहे. एक साधा हिशेब करून पाहू. एका अंगणवाडीत ४० मुले आहेत आणि प्रत्येकाला रोज ३० ग्रॅम नागली द्यायची आहे, असे धरले, तर रोज १ किलो २०० ग्रॅम लागेल. वर्षातले ३०० दिवस धरले, तर ३६० किलो. म्हणजे साडेतीन क्विंटलच्या थोडे वर. आधारभूत किमतीने हे साडेसतरा हजार रुपयांच्या आसपासचे काम आहे आणि त्याच पाड्यावरचे मोजके शेतकरी ते पुरवू शकतात. ही नागली मोड आणून, वाळवून, दळून दिली तर आणखी एक लाभ होतो: मोड आल्याने पिष्टाचे विघटन सुरू होते, पेज घट्ट न होता पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. नाचणीचे सत्त्व म्हणून घरोघरी आज्या जे करत आल्या, त्यामागचे शास्त्र हे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवण्याचे आणि शक्यतो ग्रामसमुदाय, बचत गट, महिला मंडळे यांच्याकडून धान्य खरेदी व स्वयंपाक करून घेण्याचे आदेश दिले होते. महाराष्ट्रात आदिवासी भागांतील गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजनेत रोज एक वेळचे गरम जेवण दिले जाते. गावात चूल पेटते, जेवणारे ठरलेले आहेत, निधीची तरतूद आहे. त्या चुलीवर शिजणारे धान्य आणि डाळ गावातच विकत घेतली जावी, एवढीच सांधेजोड उरते.

मुळात हे काम कोणाचे?

इथे आपल्याकडची खरी अडचण समोर येते. कृषी विभाग क्विंटल मोजतो, महिला व बालविकास विभाग मुलांची वजने मोजतो, पुरवठा विभाग रेशनच्या पोत्यांचा हिशेब ठेवतो, आदिवासी विकास विभागाचे अनुदान वेगळे, वन विभागाची परवानगी वेगळी. प्रत्येक जण आपले काम पूर्ण झाल्याचा अहवाल प्रामाणिकपणे देऊ शकतो आणि तरीही मूल खुजे राहू शकते, कारण नागलीपासून वजनकाट्यापर्यंतचा संपूर्ण प्रवास पाहण्याची जबाबदारी तालुक्यात कोणाचीच नाही.

ही जबाबदारी घेऊ शकेल अशी एक संस्था कायद्याने मात्र अस्तित्वात आहे आणि ती म्हणजे ग्रामसभा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले, २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क दिले, ज्यांमुळे मोह, कंद, रानभाज्या यांचा प्रदेश लोकांच्या हाती राहू शकतो. महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी २०१५ पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायला सुरुवात केली. वरई सडण्याचे एक यंत्र, त्याला लागणारी वीजजोडणी, एक कोरडी साठवणखोली आणि ते चालवणारा महिला गट एवढ्यांची सोय दोन-तीन पाड्यांनी मिळून या निधीतून करणे आवाक्यातले आहे. पुढच्या वर्षीच्या आराखड्यासाठी ग्रामसभा भरेल तेव्हा अंगणवाडी सेविका, रेशन दुकानदार, कृषी सहाय्यक आणि अमृत आहाराचा स्वयंपाक करणारी बाई या चौघांना एकत्र बसवून गावाला वर्षाला किती नागली, किती वरई, किती उडीद लागतो आणि त्यातला किती गावातच पिकतो, याची यादी करून घेता येईल. तो हिशेब मांडायला एक दुपार पुरते, मात्र ती सभा कुटुंबे भट्टीवर जाण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत घ्यावी लागेल.